ताकद नव्हे, उचल
(साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे एका नर्सबाईंनी केलेले भाषण)





दिवसभर रानात राबून तुम्ही रात्री इथे वर्गाला येता. डोळ्यांवर झोप असते. अंग दुखत असते. तरी येता, पाटी घेऊन बसता, अक्षरे गिरवता. म्हणून तुमच्यापुढे बोलायला मला आनंद वाटतो.

आज मी एका बाटलीची गोष्ट सांगणार आहे. ही पाहा ती बाटली. आत लाल पाणी आहे. फ्रीजमधली गार बाटली वीस-पंचवीस रुपयांना मिळते. किराणा दुकानात मिळते, पानाच्या टपरीवर मिळते, एसटी स्टँडवर मिळते. आपली पोरे हिला नुसते 'एनर्जी' म्हणतात. एनर्जी म्हणजे शक्ती, ताकद. दुकानात जातात आणि म्हणतात, "एक एनर्जी दे." जणू दुकानदार ताकद मापून देतो!

खरेच ताकद विकत मिळते का? आज आपण त्याचाच विचार करू.

रात्रीची हाक

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील. माझ्या दारावर थाप पडली.

"नर्सबाई, उठा! पोराचं कसं तरी होतंय!"

दारात एक आई उभी होती. तिच्या पाठीमागे दोघांनी धरून आणलेला तिचा मुलगा. वय असेल चोवीस-पंचवीस. अंगाने धडधाकट. ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. पण त्या वेळी त्याला घाम फुटला होता. हात थरथरत होते. तो म्हणाला, "बाई, काळीज छातीतून बाहेर पडतंय."

मी त्याला बसवले. मनगट धरून घड्याळ लावले. मिनिटाला १३० ठोके! स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात.

मी विचारले, "काय प्यायलास?"

तो म्हणाला, "दारूला मी शिवत नाही, बाई. आईची शपथ."

"मग काय प्यायलास?"

"एनर्जी. तीन बाटल्या. एकामागे एक."

"कशाला रे बाबा?"

"दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. कारखान्यावर नंबर लागत नव्हता. गाडी रांगेत. आज परत खेप. झोप येऊ नये म्हणून प्यायलो."

"आणि जेवण?"

"सकाळी वडापाव खाल्ला होता."

आम्ही त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीला तारा लावून काळजाच्या ठोक्यांची पट्टी काढली. रात्रभर त्याला नजरेखाली ठेवले. पहाटेपर्यंत ठोके खाली आले. मग पोरगा झोपला. असा झोपला की दुपार टळली तरी उठेना. डॉक्टर आईला म्हणाले, "माउली, वेळेवर आणलंत. याला झोप हवी होती, यानं शरीराला बाटली पाजली."

तेव्हा त्या आईने मला एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "बाई, ही बाटली दुकानात उघड विकतात. वर चांगलं चित्र असतं. मग ती वाईट कशी असेल?"

मंडळी, प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

बाटलीत असते काय?

या पेयात मुख्य चार गोष्टी असतात. पाणी, साखर, कॅफीन आणि वायू. शिवाय रंग, वास, थोडी जीवनसत्त्वे आणि टॉरिन नावाचे एक द्रव्य.

साखर तुम्हांला ठाऊक आहे. २५० मिलिलीटरची, म्हणजे पाव लिटरची बाटली असते. काही बाटल्यांत १५ ग्रॅमच्या वर साखर असते. काहींत २७ ग्रॅमपर्यंत असते. चमच्याने मोजलीत तर चार ते सहा चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे एकाच बाटलीत दिवसाचा वाटा संपू शकतो. सकाळ-दुपारच्या चहाची साखर तर वेगळीच.

आता कॅफीन. हे काही नवे नाही. चहात असते, कॉफीत असते. म्हणून तर चहा घेतल्यावर तरतरी येते. टपरीवरच्या छोट्या कपभर चहात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम कॅफीन असते. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे या बाटलीतल्या पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. दोन-तीन कप चहा एकदम, असा हिशेब धरा.

आणि एक गंमत ऐका. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण म्हणून सरकारी संस्था आहे. तिने या पेयाचे नियम २०१६ साली केले. त्या नियमांत याचे नाव शक्तीचे पेय असे नाही. 'कॅफीनयुक्त पेय' असे आहे. ताकदीची भाषा जाहिरातीची. कायदा मात्र साधे नाव घेतो.

पराणी आणि बैल

मग ते प्यायल्यावर अंगात जोर आल्यासारखा का वाटतो?

आपण औत हाकतो. बैल दमतो, पाय ओढू लागतो. मग कोणी पराणी टोचतो. बैल चार पावले झटक्यात टाकतो. आता सांगा, ती ताकद पराणीतून आली का? नाही. ताकद बैलातलीच होती. तीही संपत आलेली होती. पराणीने बैलाचे पोट भरत नाही. बैलाला ताकद येते ती चाऱ्याने, पेंडीने आणि झाडाखालच्या विसाव्याने.

कॅफीन ही तशी पराणी आहे.

आपल्या शरीरात दिवसभर काम करता करता एक द्रव्य साठत जाते. त्याचे नाव अॅडेनोसिन. हे द्रव्य मेंदूला निरोप देते, "गडी दमला. आता काम थांबव. निजू दे त्याला." कॅफीन काय करते? त्या निरोप्याच्या वाटेत जाऊन बसते. निरोप्या दारात उभाच राहतो, आत शिरत नाही. मेंदूला वाटते, गडी अजून ताजा आहे. पण गडी ताजा नसतो. तो दमलेलाच असतो. फक्त त्याला ते कळत नाही.

मग चार-पाच तासांनी कॅफीनचा जोर ओसरतो. तोवर दारात निरोपे तुंबलेले असतात. ते सगळे एकदम आत घुसतात. माणूस कोसळतो. पोराचे डोके दुखते, चिडचिड होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चालत्या गाडीवर क्षणभर डोळा लागतो. दोन ट्रेलर उसाचे, पुढे वळण, बाजूला चारी. क्षण पुरे होतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना मी वेगळे सांगायला नको. हंगामाआधी मुकादम उचल देतो. हातात पैसे येतात. त्या दिवशी घरात बरे वाटते. पण ते पैसे कमाईचे नसतात. पुढे घाम गाळून फेडायचे असतात. ही बाटलीही तशीच. ती ताकद देत नाही. उद्याच्या ताकदीतून आज उचल देते. ती फेडावी लागते शरीराला. आणि फेडायला झोप मिळाली नाही, तर माणूस दुसरी उचल घेतो. मग तिसरी. कर्ज असेच वाढते ना?

शरीराला काय होते?

एक, काळीज जोरात धडधडते आणि रक्तदाब, म्हणजे आपण बीपी म्हणतो ते, वाढते. धडधाकट माणसाचे बीपी थोडे वाढून परत खाली येते. पण गावात कितीतरी जणांना बीपी असते आणि त्यांना ते ठाऊकच नसते. कोणाच्या काळजाच्या ठोक्यात जन्मापासून दोष असतो. अशा माणसाला दोन-तीन बाटल्या एकदम महागात पडू शकतात.

दोन, झोप जाते. पोटात गेलेले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. त्या ट्रॅक्टरवाल्या पोराचा हिशेब करू. तीन बाटल्या म्हणजे ७५ गुणिले ३, झाले २२५. पाच तासांनंतरही ११२ शिल्लक. म्हणजे पाच तासांनीसुद्धा दीड बाटली अंगात आहेच! मग झोप कशी यावी? युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले, की निरोगी मोठ्या माणसाने एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. आपला गडी एका बैठकीतच पुढे गेला होता.

तीन, साखर. रोजची गोड बाटली म्हणजे वजन वाढण्याची, मधुमेहाची आणि दात किडण्याची वाट. हे पेय आंबटही असते. आंबट आणि गोड मिळून दातावरचे कवच झिजवतात. साखर नसलेल्या बाटल्याही मिळतात. त्यांत साखर नसेल, कॅफीन असतेच.

चार, सवय. रोज पिणाऱ्याने एक दिवस सोडले की डोके ठणकते, अंग आळसावते. मग त्याला वाटते, बाटलीवाचून आपल्यात जोरच नाही. सोडायचे असेल तर एकदम सोडू नका. तीन पीत असाल तर दोन करा. दोनाची एक करा. मग एक दिवसाआड. आठवड्या-दोन आठवड्यांत डोके निवळते.

पाच, काही जण हे पेय दारूत मिसळतात. हे फार वाईट. कॅफीनमुळे दारू चढल्याचे लवकर कळत नाही. माणूस आणखी पितो आणि वर गाडीला किक मारतो.

मी तुम्हांला भीती घालायला आले नाही. धडधाकट मोठ्या माणसाने कधीमधी एक बाटली प्यायली, तर तो लगेच मरत नाही. ते विष नव्हे. पण ते अन्न नव्हे, औषध नव्हे आणि विसावाही नव्हे. एवढे मात्र पक्के समजून घ्या.

उन्हातले काम आणि गार बाटली

आता उन्हाळ्याचे. भर उन्हात खुरपणी चाललेली असते. घसा सुकतो. कोणी तरी गार बाटली आणतो. प्यायल्यावर बरे वाटते. पण उन्हात घामावाटे जाते काय? पाणी आणि मीठ. भरायचे काय? पाणी आणि मीठच.

अमेरिकेत बफलो नावाच्या शहरात विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली एक प्रयोग छापला. १२ निरोगी माणसांकडून गरम खोलीत चार तास शेतावरच्यासारखे कष्ट करून घेतले. एका दिवशी मधल्या सुटीत नुसते पाणी दिले. दुसऱ्या दिवशी कॅफीन घातलेले गोड बाटलीतले पेय दिले. मग रक्त तपासले, लघवी तपासली. गोड पेयाच्या दिवशी मूत्रपिंडावर ताण आल्याच्या खुणा दिसल्या. ते पेय एनर्जी नव्हते, साधे शीतपेय होते. पण त्यात गोड होते आणि कॅफीनही होते. या बाटलीतही तेच दोन आहेत. उन्हात राबणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हे आले कुठून?

ही पेये मुळात निघाली तीच कष्टकऱ्यांसाठी. थायलंड देशात चालेओ योविद्या नावाचा माणूस होता. बदके पाळणाऱ्या गरीब घरातला. त्याने १९७० नंतरच्या दशकात असे एक पेय काढले. नाव ठेवले 'क्रातिंग दाएंग', म्हणजे तांबडा गवा. आपल्या कोल्हापूरकडच्या जंगलात जो गवा असतो, तोच. तिथले ट्रकवाले, मजूर रात्रपाळीला ते पीत. पुढे ऑस्ट्रिया देशातल्या एका व्यापाऱ्याने ते पाहिले आणि त्याच्याशी भागी करून १९८७ साली ते युरोपात विकायला काढले. तिथून ते जगभर गेले.

पाहा, कामाचे तास कमी झाले नाहीत. झोप वाढली नाही. वाढली ती बाटल्यांची विक्री.

लेकरांची गोष्ट

आता आयाबायांनो, नीट ऐका. ही गोष्ट तुमच्या घरची आहे.

शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीत ही बाटली असते. पोरगे खाऊचे पैसे साठवते आणि दोघे-तिघे मिळून एक बाटली घेतात. कधी एकटेच पितात. परीक्षेच्या दिवसांत आईबापच आणून देतात, "पी, म्हणजे रात्री अभ्यास होईल."

लहान अंगाला कॅफीन फार होते. युरोपातल्या त्याच संस्थेने लेकरांसाठी हिशेब दिला आहे. वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला ३ मिलिग्रॅम, त्याहून जास्त नको. पहिली-दुसरीतल्या पोराचे वजन २० किलो धरा. २० गुणिले ३, झाले ६०. आणि बाटलीत असू शकतात ७५. एकाच बाटलीत हद्द ओलांडली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ सालीच सांगितले, की लेकरांच्या आहारात या पेयांना जागाच नाही.

झोप झाली नाही तर अभ्यास डोक्यात राहत नाही. रात्री वाचलेले मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो. म्हणजे झोप मोडून केलेला अभ्यास हा भोके असलेल्या पोत्यात धान्य भरण्यासारखा.

काही देशांनी यावर कायदेच केले. लिथुआनिया देशाने २०१४ साली आणि पोलंडने २०२४ साली १८ वर्षांखालच्या मुलांना ही पेये विकायला बंदी केली. आपल्या राज्यातही २०२४ च्या जुलैमध्ये विधान परिषदेत हा प्रश्न निघाला. शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेये विकू देणार नाही, असे त्या वेळचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगितले. पण मंत्री सांगून गेले तरी टपरी आपल्या गावात आहे. डोळे उघडे ठेवायचे ते आपणच.

गरोदर बायांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी ही बाटली घेऊ नये. आईच्या पोटातले कॅफीन बाळापर्यंत पोचते आणि बाळाला ते लवकर बाहेर टाकता येत नाही.

आणि जी पोरे पोलीस भरतीसाठी पहाटे पळतात, त्यांनाही सांगा. पळण्याआधी बाटली पिऊ नका. एक तर पळताना काळीज आधीच जोरात चालते. त्यात आणखी पराणी कशाला?

तुमचे प्रश्न

परवा एका गावात मी हेच बोलत होते. एका आजींनी विचारले, "बाई, मग चहापण सोडायचा का? चहात पण ते कॅफीन आहे म्हणता."

मी म्हणाले, "आजी, दोन-तीन कप चहा खुशाल घ्या. चहा गरम असतो. आपण फुंकून फुंकून, गप्पा मारत पितो. ही बाटली गार आणि गोड. घटाघटा पोटात जाते. म्हणून एकदम मोठा मारा होतो. फक्त साखर कमी घाला आणि दिवस कलल्यावर चहा नको."

एका दादांनी विचारले, "यात बैलाचं काहीतरी घालतात म्हणे. खरं का?"

खरे नाही. यात टॉरिन असते. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना १८२७ साली ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडले. बैलाला लॅटिन भाषेत 'टॉरस' म्हणतात, त्यावरून नाव पडले. आता पेयात घालायचे टॉरिन कारखान्यात तयार करतात. आपले शरीरही ते स्वतःच बनवते. त्याने बैलाची ताकद येत नाही आणि बाटलीत बैलही नसतो.

एक तरुण म्हणाला, "मग बाई, रात्रपाळी असली तर करायचं काय?"

हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर ऐका.

खरी ताकद कशात आहे?

रात्री जागायचे असेल तर दुपारी दोन तास झोपून घ्या. गाडी चालवताना डोळा जड झाला, तर गाडी बाजूला लावा. वीस मिनिटे डोळे मिटा. उठून तोंडावर पाणी मारा, चार पावले चाला. खेपेला अर्धा तास उशीर झाला तर बिघडत नाही. पोरगा घरी आला नाही तर बिघडते.

उन्हात काम असेल तर पाण्याचा घडा जवळ ठेवा. तहान लागायच्या आधीपासून घोट घोट प्या. मीठ घातलेले ताक, लिंबू-मीठ-पाणी, शहाळे, पन्हे, सगळे चांगले. जुलाब-उलटीने कोणी गळाला, तर जलसंजीवनी करा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाटलीतली एनर्जी अशा वेळी मुळीच देऊ नका.

भूक लागली असेल तर खा. भाकरी आणि पिठले खा. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खा. चालत असेल तर अंडे खा. आता पैशाचा हिशेब करू. रोज एक बाटली, वीस रुपये. महिन्याचे सहाशे. सहाशे रुपयांत दोन किलो शेंगदाणे, दोन किलो गूळ आणि वर डझनभर अंडी येतील. कशाने ताकद येईल, तुम्हीच सांगा.

आणि एवढे करूनही रोज दमणूक जात नसेल, तर दवाखान्यात या. रक्त कमी असेल, साखर वाढली असेल, क्षय असेल. दमणूक हा निरोप असतो. निरोप ऐकायचा. निरोप्याचे तोंड बांधायचे नाही.

बारीक अक्षरे

आता शेवटचे सांगते. त्या आईने विचारले होते, "उघड विकतात, मग वाईट कशी?" आता तिचे उत्तर.

या बाटलीवर सूचना लिहिलेली असते. कायद्याने ती लिहावीच लागते. त्यात म्हटलेले असते, की यात कॅफीन जास्त आहे. लहान मुले, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, कॅफीन न सोसणारी माणसे आणि खेळाडू यांनी हे घेऊ नये. दिवसाला ५०० मिलिलीटरच्या वर पिऊ नये. म्हणजे दोन बाटल्यांच्या वर नाहीच. विकणाऱ्याने सांगितले आहे. पण कसे? मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. पुढच्या बाजूला मात्र वीज कडाडते आणि बैल शिंगे रोखतात.

मी ती बाटली त्या आईला दाखवली. ती तेव्हा नुकतीच अक्षरे शिकत होती. इंग्रजी तिला येत नव्हते. पण आकडे ओळखता येत होते. तिची नात सातवीत शिकते. नातीने इंग्रजी वाचून दाखवले, आजीने आकड्यांचा हिशेब केला. हिशेब झाल्यावर ती म्हातारी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाई, एवढं लिहिलं होतं, आणि आम्ही नुसतं चित्र बघत होतो."

मंडळी, म्हणून साक्षर व्हायचे. सही करता आली की झाले, असे नाही. जे आपल्या पोटात जाते, त्याच्यावर काय लिहिले आहे ते आपल्याला कळले पाहिजे. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या लेकराला बसवा आणि वाचून घ्या. 'मि.ग्रॅ.' किती आणि 'मि.लि.' किती, एवढे दोन आकडे शोधा. १०० मिलिलीटरला कॅफीन किती ते पाहा. बाटली पाव लिटरची असेल तर त्याची अडीच पट करा. तेवढे गणित आता तुम्हांला येते.

आणि ग्रामसभेत हा विषय काढा. दुकानदार आपलाच माणूस आहे. त्याच्याशी भांडू नका. त्याला हात जोडून सांगा, "शाळेतल्या पोरांना ही बाटली देऊ नकोस. तुझी पोरेही याच शाळेत आहेत." मालक-मुकादमांनाही सांगा, "रात्रीच्या खेपेला दोन गडी लावा. दमल्या गड्याच्या हातात बाटली देऊ नका."

त्या ट्रॅक्टरवाल्या पोराने हेच केले. मालकाला स्पष्ट सांगितले, "सलग दोन रात्री मी गाडी चालवणार नाही." मालक आधी कुरकुरला. मग त्याने जोडीला दुसरा गडी घेतला. आता एक रात्र हा, एक रात्र तो. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन असतो आणि फडक्यात भाकरी. परवा तो मला रस्त्यात भेटला. हसला आणि म्हणाला, "बाई, उचल फिटली."

तुमच्या घरातही कोणावर अशी उचल असेल, तर आज रात्रीच बाटली हातात घ्या आणि मागची बाजू वाचा.